टाकणखार, लेसर आणि डीएनए
बिडकीनच्या सोनाराला सोन्याचा जोड देताना टाकणखार लागतो. हा बोरेट क्षार पूर्वी तिबेटातून यायचा, शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवरून. पुढे कॅलिफोर्नियाचा स्वस्त माल आला नि ती वाट ओस पडली. याच कुळातला बेरियम बोरेटचा स्फटिक चीनच्या फूच्यान संस्थेने १९८०च्या दशकात पुढे आणला. लेसरचा रंग बदलायला तो वापरतात. आणि डीएनए? १९८२ साली नेड सीमन यांनी डीएनएची जाळी विणायची कल्पना मांडली, २००६ साली पॉल रोथमंड यांनी डीएनएच्या घड्या घालून हसरे चेहरे केले. अशी घडण जुळली का, हे जेलमध्ये तपासतात. त्या द्रावणात बहुधा बोरेटच! लडाखच्या पुगा खोऱ्यात टाकणखार आहे, तरी बोरॉनचा माल आपण बाहेरूनच आणतो. आम्हाला हे खटकतं.