चांदी, आग आणि आंबूस वास

दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. मग त्यांच्या मूकपटांचे पुढे काय झाले, हेही आपण विचारायला हवे.

भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले उरले मोजकेच, आणि तेही बरेचसे तुकड्यांनी. आपण सहज म्हणतो, कोणी जपले नाहीत. पण मूळ दोष पट्टीतच होता. १९१२ साली फाळके विलायतेहून कॅमेरा आणि छिद्रण यंत्र घेऊन आले. कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई अंधारात करीत. ती फिल्म होती सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे स्फोटक दारूत वापरतात त्याच जातीच्या रसायनाची. ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. पेटली नाही तरी उष्ण, दमट हवेत ती चिकट होते आणि शेवटी तिची तपकिरी भुकटी होते.

चित्र उमटे ते चांदीच्या कणांत. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही, आणि चांदीसाठी रिळे विकली गेली.

१९४८ नंतर सहज न पेटणारी ट्रायअॅसिटेट फिल्म प्रचारात आली. पण तीही आंबते, आकसते आणि तिला व्हिनेगरसारखा वास सुटतो. पुढची पॉलिएस्टर फिल्म अधिक टिकाऊ ठरली. म्हणून जतन करणे म्हणजे वेळेवर नवी प्रत काढणे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडूनही तुकडे मिळवले. मंदाकिनी फाळके हिने रंगवलेला ‘कालिया मर्दन’मधला कृष्ण आज आपल्याला दिसतो, तो अशा खटपटीमुळे. २००३ साली पुण्यातच नायट्रेटच्या कोठीला आग लागली. तिथल्या ज्या रिळांची प्रत आधी निघाली होती, त्यांतली चित्रे तेवढी वाचली.

आपल्यापैकी कोणाच्या वाड्यात, कोणाच्या बंद पडलेल्या थिएटरात जुने डबे असतील. १९५१ पूर्वीची ३५ मिलिमीटरची फिल्म असेल तर ती नायट्रेटचीच समजा. दिव्याजवळ नेऊ नका, प्रोजेक्टरवर चढवू नका. डब्याला आंबूस वास येत असेल, तर तो पुढच्या दिवाळीवर टाकू नका. भंगारवाल्याला देण्याआधी पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. हरवलेल्या एखाद्या मूकपटाचे उरलेले एकमेव रीळ आपल्याच माळ्यावर असू शकते.