लग्नात काय वाचायचे, हा प्रश्न दीडशे वर्षांचा आहे

आपल्या समाजातील लग्नांत आज हॉल कोणता, डीजे कोणाचा, जेवणात किती पदार्थ, यावर महिनोन्महिने चर्चा होते. स्टेजवर वाचायचे काय, हे मात्र अर्धा तास आधी ठरते. कुणी मोबाईलवर वंदना लावतो, कुणी 'शुभमंगल सावधान'ची चाल उचलतो आणि शब्द बदलल्याचे समाधान मानतो. आम्हाला हे गंभीर वाटते, कारण लग्नात कोण काय वाचणार यासाठी आपल्या पूर्वजांनी कोर्टकचेऱ्या केल्या आहेत.

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झाला आणि तीनच महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पहिला सत्यशोधक विवाह लागला. वर सीताराम आल्हाट, वधू राधा निंबणकर. पुढाकार सावित्रीबाईंचा. भटजी नाही, हुंडा नाही, वायफळ खर्च नाही. भटजी काढल्यावर त्याच्या जागी शब्द कोणते, हा प्रश्न जोतीरावांनी लोंबकळत ठेवला नाही. त्यांनी स्वतः मराठीत मंगलाष्टके रचली आणि १८८७ मध्ये पूजाविधीसह ती छापली.

त्या मंगलाष्टकांत वर आणि वधू स्वतः बोलतात. वधू विचारते की आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तर तो हक्क देण्याची शपथ तुम्ही सर्वांसमक्ष घेणार का? आणि वर शपथ घेतो. ज्या काळात मुलीला मान वर करून बोलायची मुभा नव्हती, त्या काळात जोतीरावांनी तिच्या तोंडी भर मांडवात हक्काची मागणी घातली.

भटशाहीला याचा अर्थ बरोबर कळला. जुन्नर भागात लोकांनी भटजीशिवाय लग्ने लावली, तेव्हा ग्रामजोशी दक्षिणेसाठी कोर्टात गेले. म्हणणे असे, की आम्हाला बोलवा अगर बोलवू नका, दक्षिणा आमचा वतनी हक्क आहे. मंत्र न म्हणताही मंत्राचे पैसे! ही वसुली कायद्याने मोडण्यासाठी १९२६ साल उजाडावे लागले. ते विधेयक आणणारे होते सी. के. बोले. ज्यांच्या १९२३ च्या ठरावामुळे सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा निर्णय झाला आणि महाडचा सत्याग्रह उभा राहिला, तेच हे बोले. पाण्याचा हक्क आणि मांडवातला हक्क एकाच लढ्यातले आहेत.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर हाच प्रश्न नव्याने आला. बाबासाहेबांनी परिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ च्या पत्रात, बौद्ध विवाहविधी सांगितला. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये पाण्याने भरलेले नवे मातीचे मडके, त्यात सोडलेल्या सुताचे एकेक टोक दोघांच्या हाती, अंगावर पांढरे कपडे आणि मंगलसुत्ताचे पठण. गरिबातल्या गरिबाला परवडेल असे लग्न.

मंगलसुत्तच का? कारण खरे मंगल कशात आहे, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. त्यात ग्रह नाहीत, मुहूर्त नाही. मूर्खांची संगत टाळणे, आईवडिलांची सेवा, पत्नी-मुलांचा सांभाळ, निर्दोष काम, हेच मंगल. मुहूर्त पाहून लग्न लावायचे आणि तिथेच मंगलसुत्त म्हणायचे, ही स्वतःचीच चेष्टा आहे.

आता एक कडू गोष्ट. न कळणाऱ्या संस्कृतच्या जागी न कळणारी पाली आणली, तर बदलले काय? बुद्धाने लोकांच्या बोलीत उपदेश केला. म्हणून पाली गाथा जरूर म्हणाव्यात, पण प्रत्येकीचा मराठी अर्थ लगेच वाचावा. काहीजण म्हणतात, पाहुणे कंटाळतात. तासभर डीजेवर न कंटाळणारे पाहुणे दहा मिनिटांत कंटाळत असतील तर कंटाळू द्या.

आमची सूचना साधी आहे. त्रिसरण-पंचशील, अर्थासह मंगलसुत्त, सिगालोवाद सुत्तातील पती-पत्नीची परस्पर कर्तव्ये, आणि शेवटी जोतीरावांचा सवाल-जबाब. सिगालोवादात आधी पतीची कर्तव्ये येतात: पत्नीचा सन्मान करणे, तिचा अपमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे. पण तो अडीच हजार वर्षांपूर्वीचा उपदेश आहे आणि त्यात पत्नी स्वतः काही मागत नाही. ती उणीव जोतीराव भरून काढतात. म्हणून दोन्ही सोबत वाचा.

आणि हे वाचन वधूवरांनी स्वतः करावे, धम्मबांधवाने फक्त साथ द्यावी. हुंडा घेतलेला नवरा पंचशील म्हणताना अडखळला पाहिजे. मुलीने हक्क मागितला की सासरच्यांनी तो कान देऊन ऐकला पाहिजे. मांडवात शे-दोनशे माणसांसमोर दिलेला शब्द उद्या घरात मोडला, तर ती त्या सर्वांना साक्षीला बोलावू शकते.

तरुणांनो, पत्रिका छापायला टाकण्याआधी दोघांनी एकत्र बसा आणि काय वाचणार ते ठरवा.

जय जोती! जय भीम!