सहलीचा रविवार

रविवारी शिदोरी बांधून आपण कार्ल्याची लेणी पाहावयास जातो. पण हा रविवार आपणांस दिला कोणी? मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मजुरांच्या सभा भरवल्या, अर्ज केले. तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला.

मुंबईहून निघालेली गाडी बोरघाट चढू लागली की मुले खिडकीशी गर्दी करतात. १८६३ साली पुरा झालेला हा लोहमार्ग हजारो मजुरांनी कडे फोडून बांधला. कित्येक जण पटकीने तेथेच गेले. त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत.

कार्ल्याला मात्र निराळे आढळते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे, तसाच दारापाशी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचाही आहे. हे द्वार त्याने केले, असे त्यात कोरले आहे. श्रेष्ठीच्या पंक्तीला कारागीर बसला आहे! आत छताच्या लाकडी कमानी आजही उभ्या आहेत.

म्हणून कार्ल्याला जाल तेव्हा दारापाशी क्षणभर थांबा. सामीचे नाव घ्या, घाटातल्या निनावी मजुरांना आठवा, आणि मग आत जा.