अंगण कोणाचे, खेळ कोणाचा?

आई आणि मूल यांच्या खेळाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पाळणा, बोबडे बोल, चांदोबा, भातुकली. या चित्रातले अंगण सारवलेले असते, आई घरी असते आणि दुपार निवांत असते. परंतु जिची दुपार दुसऱ्याच्या शेतात जाते तिचे मूल या चित्रात कुठे बसते, हे कोणी विचारीत नाही. बाळाशी खेळणे ही नुसती मायेची बाब नव्हे. ती वेळेची, जागेची आणि मजुरीचीही बाब आहे. म्हणूनच तिला इतिहास आहे.

हा इतिहास आपल्याकडे एका मुलीने सुरू केला. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, याचा विचार तिने वाचकांना करायला लावला. बाळाच्या जन्माकडे पाहण्याची ही संपूर्ण वेगळी नजर होती. इथे पाळण्याच्या आधी छप्पर येते.

याचा अर्थ आपल्या वस्तीत खेळ नव्हता असा नाही. ज्वारीच्या ताटांची गाडी, चिंध्यांची बाहुली, काळ्या मातीचे बैल, चिंचोके, गुंजा ही खेळणी कुणी विकत आणली नाहीत. माया कमी नव्हती. ती देणारे हात कामात अडकलेले होते. मग मूल आजीच्या मांडीवर किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर वाढले. त्या बहिणीचे बालपण मात्र कडेवरच्या ओझ्याखाली संपले आणि तिची शाळाही तिथेच सुटली. बाळाच्या खेळाची किंमत दुसऱ्या एका मुलीने चुकती केली, ही गोष्ट आपणही मान्य केली पाहिजे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला. 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतीविषयक विधेयकाला पाठिंबा देताना त्यांची भूमिका स्पष्ट होती: बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. त्यांच्या आणि रमाईंच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. चार मुले लहानपणीच गेली. घरात रिकामा झालेला पाळणा ज्याने पाहिला, त्याला आईचा विसावा हा चैनीचा विषय वाटणे शक्य नव्हते. 1929 साली कायदा झाला, पण तो गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांपुरता. शेतमजूर आई त्याच्या बाहेरच राहिली.

बालशिक्षणाचा इतिहासही असाच तपासून पाहावा. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह 1907 साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत उघडले. आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी ते होते. तीच पद्धत आपल्या शहरांत आली आणि फी भरू शकणाऱ्यांची झाली. झोपडपट्टीत जन्मलेला विचार बंगल्यात राहायला गेला!

त्याला उलट पावली गावाकडे नेण्याचे श्रेय ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिले पाहिजे. 1945 साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला त्यांनी काम सुरू केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात गेली पाहिजे, हा त्या कामाचा गाभा होता. महागड्या साधनांऐवजी शिंपले, गोटे, बिया, पाने आली. म्हणजे आपल्या पोरांची जुनीच खेळणी शिक्षणाची साधने ठरली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. धाकट्याला सांभाळणारी बहीण त्यामुळे वर्गात बसू शकली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. याच परिसरात, याच 1945 साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, हे विसरून चालणार नाही. ज्याचे श्रम दुसऱ्याच्या मालकीचे, त्याच्या अंगणात खेळ कुठून रुजणार?

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. पण अंगणवाडी हे नाव घेतले म्हणून अंगण सर्वांचे होत नाही. इमारत कुठल्या आळीत उभी राहते, खाऊ कोण शिजवते, कुणाच्या हातचे कोण खात नाही, हे प्रश्न नावाने सुटत नाहीत. 13 डिसेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम द्यावा, सहा वर्षांखालील किमान 40 मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा आदेश दिला. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतली पोरे मोजली?

आपण जयंतीची वर्गणी घरोघर जाऊन जमवतो. त्याच फेरीत मुलांची नावे लिहून घेणे अवघड नाही. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक दुपार वस्तीतल्या लहानग्यांबरोबर मातीत बसावे, बैल करावेत, आजीकडून गोष्ट ऐकावी, आणि थोरल्या बहिणीला तेवढा वेळ शाळेचे पुस्तक उघडू द्यावे. मुक्ताने मागितले ते छप्पर होते. त्या छपराखाली हसणारे मूल आणि त्याच्याशी खेळायला मोकळी असलेली आई, हा तिच्या मागणीचा पुढचा भाग आहे. तो अजून पूर्ण व्हायचा आहे.