लूट बॉक्स : कायदेशीर नियमन

व्हिडिओ गेममधील बंद पेटी. ती खऱ्या पैशांनी किंवा पैसे मोजून घेतलेल्या आभासी नाण्यांनी उघडायची. आतून काय निघेल ते नशिबावर. दुकानात पैसे देऊन सोरटीची चिठ्ठी ओढण्याचाच हा प्रकार, मात्र इथल्या चिठ्ठ्या कधी संपत नाहीत. हा जुगार मानायचा का, यावर युरोपातील दोन शेजारी देशांत मतभेद झाला.

बेल्जियमचा १९९९ चा कायदा चार गोष्टी पाहतो : खेळ, पणाला लावलेले काही, त्यातून होणारा लाभ वा तोटा आणि नशिबाचा अंश. लाभ पैशांतच असावा अशी अट नाही. ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या गेममधील पेट्यांवरून २०१७ च्या अखेरीस खेळाडूंचा संताप उसळल्यावर तेथील जुगार आयोगाने चौकशी केली आणि एप्रिल २०१८ मध्ये ‘फिफा १८’, ‘ओव्हरवॉच’ व ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ यांतील पेट्या बेकायदा ठरवल्या. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि ८ लाख युरोंपर्यंत दंड. अल्पवयीन मुले गुंतलेली असल्यास दुप्पट. जानेवारी २०१९ च्या अखेरीस फिफाची निर्माती कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तेथे फिफा पॉइंट्स ही आभासी नाणी विकणे थांबवले.

नेदरलँड्सच्या जुगार नियामकाने एप्रिल २०१८ मध्येच वेगळी कसोटी लावली : मिळालेली वस्तू इतरांना देता-विकता येत असेल, तरच जुगार. त्यावरून फिफातील, नशिबाने खेळाडू मिळवून देणाऱ्या बंद पाकिटांबद्दल याच कंपनीला १ कोटी युरोंचा दंड ठोठावला गेला. देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने ९ मार्च २०२२ रोजी तो रद्द केला. पाकीट हा स्वतंत्र खेळ नाही, कौशल्याच्या मोठ्या खेळाचा तो एक भाग आहे, असे त्याचे म्हणणे. पण पाकीट फोडण्याच्या क्षणी खेळणाऱ्याच्या कौशल्याला काहीच वाव नसतो, आणि पैसे नेमके त्याच क्षणासाठी घेतलेले असतात. या निकालाची उणीव तीच.

जपानने त्याआधीच, २०१२ मध्ये, ‘कोम्पु गाचा’ नावाचा प्रकार बंद केला. त्यात नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमला तरच मोठे बक्षीस मिळे. संच भरत येई तसतशी उरलेली वस्तू मिळणे दुरापास्त होई. बंदीला आधार जुगारविरोधी कायद्याचा नव्हता, ग्राहकांना दिल्या जाणाऱ्या बक्षिसांवरील कायद्याचा होता. चीनने २०१७ पासून आणि दक्षिण कोरियाने मार्च २०२४ पासून प्रत्येक वस्तू मिळण्याची शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले. ब्रिटनने मात्र या पेट्यांसाठी जुगार कायदा न बदलण्याचे जुलै २०२२ मध्ये ठरवले.

बेल्जियमची बंदी कागदावर सर्वांत कडक. तरीही २०२२ च्या मध्यावर तेथील सर्वाधिक कमाईच्या १०० आयफोन गेमपैकी ८२ मध्ये अशा पेट्या विकल्या जात असल्याचे एका अभ्यासात आढळले.