मेहता, वैकुंठलाल लल्लूभाई

मेहता, वैकुंठलाल लल्लूभाई : (१८९१–१९६४). सहकारी बँकिंगचे एक आद्य शिल्पकार, मुंबई प्रांताचे अर्थमंत्री व खादी-ग्रामोद्योगांचे संघटक. जन्म भावनगर येथे. वडील लल्लूभाई सामळदास हे उद्योजक व सहकाराचे पुरस्कर्ते. वैकुंठलाल यांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले.

बँकेतील कार्य : १९०४ च्या कायद्याने गावोगाव पतसंस्था काढता येऊ लागल्या, पण त्यांना भांडवल पुरवणारी वरची संस्था नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी लल्लूभाई व सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये मुंबईत प्रांतिक सहकारी बँक स्थापन झाली. पुढील वर्षी, विशीच्या आरंभीच, वैकुंठलाल तिच्या कामात दाखल झाले आणि मंत्री होईपर्यंत सुमारे पस्तीस वर्षे तिचा कारभार त्यांनी वाहिला. शहरातील ठेवीदाराचा पैसा बागाईत व जिराईत शेतीपर्यंत नेणे हे या बँकेचे काम होते. नीरा कालव्यावरील ऊसकऱ्यांना सावकाराच्या दारी जावे लागू नये, म्हणून बारामतीसारख्या ठिकाणी तिच्या शाखा निघाल्या.

सार्वजनिक जीवन : १९४६ ते १९५२ या काळात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे अर्थ व सहकार ही खाती होती. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याला सरकारचे पाठबळ मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा होता. पुढे ते पहिल्या वित्त आयोगाचे सदस्य झाले. १९५३ मध्ये अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळाचे व नंतर आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

विचार व प्रभाव : सहकारी पतपुरवठ्याविषयीच्या मेहता समितीने १९६० मध्ये अहवाल दिला. कर्ज देताना केवळ जमिनीच्या तारणाकडे न पाहता पिकाची गरज आणि परतफेडीची ताकद पाहावी, तसेच गावची सोसायटी स्वतःच्या पायावर उभी राहील एवढी मोठी असावी, ही तिची भूमिका होती. वऱ्हाड पूर्वी मध्य प्रांतात असल्याने मेहतांच्या बँकेच्या कक्षेबाहेर होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तोही त्याच साखळीत आला. तेल्हाऱ्याच्या कापूस उत्पादकाचे पीककर्ज आज राज्य सहकारी बँक, अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि गावची सेवा सहकारी सोसायटी या तीन पायऱ्यांच्या व्यवस्थेतून येते. पेरणीच्या तोंडावर रक्कम हाती पडली, तरच या रचनेला अर्थ आहे. उशिरा मिळालेले कर्ज शेतकऱ्याला पुन्हा सावकाराकडेच ढकलते. पुण्यातील वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले असून तेथे सहकारी संस्थांच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले जाते.