आधी वीज, मग वेग

डेस्कटॉप मंदावला की वसई-विरारमध्ये सगळीकडून एकच सल्ला मिळतो. माणिकपूरच्या दुकानात विचारा, नालासोपाऱ्यात घरोघरी जाऊन मशीन असेंबल करून देणाऱ्या तरुणाला विचारा, नाहीतर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर विचारा. उत्तर ठरलेलं असतं: प्रोसेसर मोठा घ्या, बजेट असेल तर ग्राफिक्स कार्ड टाका, बाकी कॅबिनेटबरोबर येईल तो एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) चालतो. हा क्रम मुळातच उलटा आहे, आणि खाडी-समुद्रालगतच्या आपल्या पट्ट्यात तर तो नुकसानही करतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. त्याचे आधार तीन. एक, सगळी आकडेमोड प्रोसेसर करतो, म्हणून वेगही तिथेच विकत मिळतो. दोन, एसएमपीएस किंवा यूपीएसवर घातलेल्या पैशाने कोणतंही काम लवकर होत नाही, मग तिथे काटकसर का नको? तीन, आज वरच्या श्रेणीचा प्रोसेसर घेतला की पुढची अनेक वर्षं बघायला नको. तिन्ही मुद्दे वरवर पटतात, म्हणून एकेक तपासायला हवा.

पहिला मुद्दा. संगणक अभियंता जीन अमडाल यांनी १९६७ साली समांतर गणनेच्या संदर्भात एक नियम मांडला: कामाचा एखादा भाग कितीही वेगवान केला, तरी न सुधारलेला भाग एकूण लाभाला मर्यादा घालतो. तो इथे लावून पाहू. वाळीवच्या एखाद्या गाळ्यात सकाळी मशीन सुरू होऊन हिशेबाची फाईल उघडायला १०० सेकंद लागतात आणि त्यातले ७० हार्ड डिस्कची वाट पाहण्यात जातात असं समजा. प्रोसेसर दुप्पट वेगाचा बसवला तर उरलेल्या ३० सेकंदांतले १५ वाचतील. त्याऐवजी डिस्कचं काम दहापट जलद झालं तर ६३ सेकंद वाचतील. ही दहापट अतिशयोक्ती नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते. त्यात मुंडी सरकण्याचा वेळ धरला तर विखुरलेली माहिती सेकंदाला जेमतेम शंभर वेळा वाचता येते. साध्या साटा एसएसडीला हेच काम सेकंदाला हजारो वेळा जमतं, कारण तिच्यात फिरणारं काहीच नाही.

यावर प्रत्यक्ष प्रमाण कोणालाही घेता येतं. मशीन हँग होत असताना टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क या तीन टक्केवाऱ्या पाहाव्यात. प्रोसेसर २० टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर नवा प्रोसेसरही तसाच रिकामा बसून राहील. मेमरी ९० टक्क्यांपुढे असेल तर रॅम वाढवावी, आणि शक्यतो जोडीने. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइटची वाट देते, दोन चॅनेलवर दोन पट्ट्या लावल्या की ५१.२ची.

दुसरा मुद्दा जास्त घातक आहे. एसएमपीएस वेग देत नाही हे खरं, पण घेतलेला वेग टिकतो तो त्याच्या जिवावर. डब्यावर '४५० वॅट' लिहिलेलं असलं तरी त्याच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यापुढचे अँपिअर वाचा. तिथे १८ असतील, तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅटच खऱ्या कामाचे. कारण आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. एकट्या आरटीएक्स ३०६० कार्डाची मागणी १७० वॅटची आहे. त्यात प्रोसेसर मिळवला की हिशोब संपला.

आता पावसाळ्यात आपल्याकडे वीज जी डोळा लवावा तशी जाऊन येते, तिचा विचार करू. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एटीएक्स मानकानुसार बनवलेला एसएमपीएस वीज तुटल्यानंतर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. घरगुती यूपीएसला बॅटरीवर यायला साधारण १० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, तेवढं अंतर एसएमपीएसच्या कपॅसिटरमधला विजेचा साठा भरून काढतो. आत लहान कपॅसिटर घातलेला स्वस्त एसएमपीएस ते भरून काढू शकत नाही. मग यूपीएस असूनही मशीन रिस्टार्ट होतं आणि दोष यूपीएसच्या बॅटरीवर जातो. शिवाय ६०० व्हीए म्हणून मिळणारा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. मोठं कार्ड टाकलं की ऐन वीज गेल्यावर तो भाराखाली बंद पडणार. जुलै २०१८ च्या पुरात वसई-नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली होते आणि शहराच्या अनेक भागांत वीज नव्हती. ज्यांच्या मशीनवर चालू काम असतं, त्यांना फाईल सेव्ह करून नीट बंद करण्याइतकी पाच मिनिटं हीच अशा वेळी खरी क्षमता.

अर्थिंगचंही तसंच आहे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही असं समजावं. अशा घरात सर्ज प्रोटेक्टरही अर्धामुर्धाच काम करतो. आधी वायरमन बोलवावा, सुटे भाग नंतर आणावेत.

त्यात इथली हवा. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, आणि मधे मिठागरं. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि आपल्या पावसाळ्यात ती हद्द रोज ओलांडली जाते. बोर्डावरच्या धुळीत बसलेलं मीठ मग वीज वाहून नेतं आणि धातू कुरतडतं. डिस्प्ले येत नाही म्हणून रॅम काढून खोडरबरने घासण्याचा उपाय आपण सगळेच जाणतो. त्याने सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं बरं. पुढे जाळीचा फिल्टर असलेलं कॅबिनेट, मे महिन्यात ब्लोअरने सफाई आणि पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवणं, याने बोर्डाचं आयुष्य वाढतं.

तिसरा मुद्दा इतिहासानेच खोडला आहे. जानेवारी २०१७ मध्ये आलेला इंटेलचा सातव्या पिढीचा आय७-७७०० तेव्हा घरगुती वापरातला वरच्या श्रेणीचा प्रोसेसर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठव्या पिढीचा साधा आय३-८१०० आला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आय३-८१०० आहे, आय७-७७०० नाही; आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे टिकाऊपणा श्रेणीत नव्हता, पिढीत होता. उलट २०१७ साली एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड घेतलेल्या अनेकांना पुढे फक्त बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवता आला. इंटेलच्या सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, दोन्हींचं सॉकेट एलजीए ११५१ म्हणवत असलं तरी. म्हणून भविष्याचा विचार करायचा तर सॉकेट आणि बोर्ड आधी पाहावा.

पूर्वपक्षाला एक जागा मात्र न्यायाने द्यायला हवी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, त्रिमिती डिझाइन रेंडर करणारा किंवा जड गेम खेळणारा यांच्या मशीनवर टास्क मॅनेजर खरोखर प्रोसेसर किंवा कार्ड १०० टक्क्यांवर दाखवतो. त्यांनी तिथेच पैसा घालावा. पण त्यांनाही चांगला एसएमपीएस टाळता येत नाही, उलट सर्वांत आधी तोच लागतो. आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचं मशीन असेल तर विंडोज ११ साठी प्रोसेसर, बोर्ड आणि बहुधा रॅमही बदलावीच लागेल. तेव्हाही कार्यालयीन कामाला आय३-१२१०० पुरतो.

तेव्हा सिद्धांत असा: अर्थिंग, एसएमपीएस आणि यूपीएस, मग एसएसडी, मग रॅम, मग सॉकेट पाहून बोर्ड, आणि मोजून गरज दिसली तरच मोठा प्रोसेसर किंवा कार्ड. आपल्या गावातले बहुतेक डेस्कटॉप झेरॉक्स-डीटीपीची दुकानं, गाळे, क्लास आणि विद्यार्थी यांच्या कष्टाच्या पैशातून येतात. त्या पैशाची पहिली नोट मशीन जिवंत ठेवण्यासाठी खर्च व्हावी, आणि विकणाऱ्यानेही ते ग्राहकाला आधी सांगावं.